आंबळजाईच्या पाठीवरची तळी

बसा आता, कातळाला टेकून बसा. बूट काढा, पाय मोकळे करा, पण पाण्यात सोडू नका हं. हे वरचं तळं प्यायचं आहे. येताना दोन तळी लागली ना, त्यातलं मधलं गुरांचं आणि अगदी खालचं रानातल्या जनावरांचं. पाय बुडवायची फारच हौस असेल तर उतरताना खालच्या तळ्याच्या सांडव्याशी थांबू. तिथं कुणी काही म्हणत नाही.

आणि जरा वर बघा. कड्यावर ती काळी ओली रेघ दिसते? चैत्र अर्धा सरला, सगळा डोंगर करपून गेलाय, गवताची काडी हिरवी नाही. तरी त्या रेघेला शेवाळ आहे आणि तिच्या टोकाला थेंब धरलाय. थांबा... पडला. मघाशी या ताई विचारत होत्या, वर तर नुसता उघडा माथा, झाड नाही, झरा नाही, मग हे पाणी येतं कुठून? ते येतं देवीच्या गाभाऱ्यामागून. गाभारा कोरडा असतो, तरी येतं. का येतं त्याची गोष्ट आहे. भाकरी सोडा, खाता खाता ऐका. मध्येच फोटो काढायला उठलात तर मी काही परत सांगायची नाही.

मी चंद्रभागा भवारी, खाली मोरदरीची. सगळे चंद्राआजी म्हणतात. पुढच्या वाटेला आता पायऱ्या झाल्या, धरायला लोखंडी दांडे झाले, सरबतवाले बसतात. तिकडून देवी लवकर भेटते, पण तळी दिसत नाहीत. या मागच्या वाटेनं येणारे तुमच्यासारखे थोडे. आणि फार पूर्वी तर इकडं कुणीच येत नव्हतं. येणं पाप होतं.

त्याचं कारण असं सांगतात. हा आख्खा आंबळ्या डोंगर म्हणजे आंबळजाईचं अंग. मोरदरीकडं तिचं तोंड, आणि आपण बसलोय ती तिची पाठ. देवीला पाठ दाखवायची नाही हे तर सगळीकडंच आहे. आमच्या वाडवडिलांनी त्याच्यापुढं मजल मारली. ते म्हणाले, देवीची पाठसुद्धा बघायची नाही. बाईमाणूस आहे ती, मागं जाऊन कशाला बघायचं? झालं! गुराखी इकडं गुरं घालीनात, मधाला जाणारे इकडचं पोळं काढीनात. माथ्यावर गेलं तरी देवीच्या पुढ्यात बसायचं, हात जोडायचे आणि मागं सरकत सरकत उतरायचं. पिढ्यानपिढ्या कुणी त्या बाजूला वाकून पाहिलं नाही. भक्तीच तेवढी होती, काय करता!

तर एके वर्षी पावसानं दडी मारली. त्याच्या आदल्या वर्षीही तो धड झाला नव्हता. मोरदरीची विहीर तळाला गेली. बाया ओढ्यात झिरा खणून वाटी वाटी पाणी भरत, आणि एक घागर भरेस्तोवर डोक्यावरचं ऊन कलत असे. गुरं तर आधीच सोडून दिलेली. शेवटी गाव बसलं आणि ठरलं, की देवीला कोंडायचं.

तुम्ही असे काय बघता? आमच्याकडंच नव्हे, पुष्कळ गावांत होतं हे. पाऊस येत नाही ना, मग देवाला पाण्यात कोंडायचं. गाभाऱ्याचा उंबरा मातीनं लिंपून घ्यायचा आणि आत पाणी भरायचं, देवाच्या हनुवटीपर्यंत. नाकातोंडात पाणी जायला लागलं की देव घाबरा होतो आणि पाऊस पाडतो. पण बाकीच्यांचे देव असतात गावात, विहिरीजवळ. आमची बसलीय डोंगराच्या शेंड्यावर! तिला कोंडायचं म्हणजे गावातलं होतं नव्हतं तेवढं पाणी डोक्यावरून वर न्यायचं. म्हणजे खाली प्यायला काही उरायचं नाही. खेमा म्हणून पुजारी होता, म्हातारा, शब्दाला वजन असलेला. त्यानं सांगितलं, “हातचं राखून देवीला कोंडता येत नाही. पाऊस आला तर सगळ्यांना आला. नाही आला, तर दुसऱ्या सकाळी गाव उठवू आणि घाट उतरून खाली जाऊ.”

आता त्या गावात बुधी नावाची बाई होती. नवरा गेलेला, एकच लेक, सगुणा. ती पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली आणि नुकतीच बाळंत झालेली. मुलगी झाली होती. बाळंतपण फार अवघड गेलं. सगुणाला धड उठून बसता येत नव्हतं, आणि अंगावरचं दूधही आटत चाललेलं. आता पाणीच नाही पोटात तर दूध कुठून येणार? बुधीच्या तोंडचं पाणी पळालं ते गाव उठवायचं ऐकून. तो घाट उतरायचा म्हणजे धडधाकट गड्याचे पाय लटपटतात. बाळंतिणीला डोलीत घालून न्यायला खांदे लागतात, आणि त्या वर्षी गावात असे खांदे राहिलेच नव्हते. गाव उठलं तर आपली लेक आणि नात या घाटात जाणार, हे बुधीला लख्ख दिसत होतं. पाऊस सगळ्यांनाच हवा होता. पण बुधीला हवा तसा कुणालाच नाही.

पण तिच्या घराला सोयर होतं. घरात मूल जन्मलं की बारसं होईपर्यंत त्या घरानं देवाला शिवायचं नाही, त्यांच्या घरचं देवाला चालत नाही. खेमा पुजारी काही वाईट माणूस नव्हता. तो बुधीच्या दारात आला आणि लांबूनच म्हणाला, “बुधे, तुझ्या घरचं पाणी नको. ते लेकीला राहू दे.”

बुधी आत वळली. पण सगुणानं आतून ऐकलं. ती म्हणाली, “आई, सगळ्यांचं पाणी गेलं आणि आपलंच राहिलं, तर देवी काय म्हणंल? माझ्या वाटचं ने. लपून ने, पण ने.”

आईच्या मनातलंच बोलली पोरगी! बुधीनं डेऱ्यातलं पाणी घागरीत ओतलं, तळाशी लेकीपुरतं चार घोट ठेवलं, तोंडावरून पदर ओढला आणि बायांच्या रांगेत शिरली. रांग पुढच्या वाटेनं चढत होती. तेव्हा पायऱ्या कसल्या, नुसता मुरूम. पण म्हणे कुणाच्या घागरीतून थेंब सांडला नाही, एवढं जपून नेलं. एकेक घागर गाभाऱ्यात गेली. बुधीचीही गेली. देवीचे पाय बुडाले, गुडघे बुडाले, पाणी कमरेला लागलं. बाया गाणी म्हणायला लागल्या.

आणि पाणी उतरायला लागलं.

आधी कुणाला खरं वाटेना. उंबऱ्याला आणखी माती लावली, बोटांनी दाबून दाबून लिंपली. बाहेर एक थेंब येत नव्हता, आणि आतलं पाणी मात्र खाली खाली चाललेलं. कमरेवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून पायावर. दिवस मावळायच्या आत गाभारा रिकामा! गावाचं शेवटचं पाणी गेलं आणि आभाळात ढगाचा ठिपका नाही. बाया जिथं होत्या तिथंच खाली बसल्या. कुणी म्हणालं देवी प्यायली. खेमा म्हणाला, “प्यायली नाही. तिनं टाकलं. कुणाच्या तरी घरचं चाललं नाही तिला.”

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. बुधीनं पदर मागं केला आणि उभी राहिली. “माझी घागर होती त्यात,” ती म्हणाली.

पुढं काय झालं असेल ते मी सांगायला नको. माणूस तहानलेला असला की त्याला कुणीतरी लागतं दोष द्यायला. ज्या बायांनी तिच्या लेकीचं बाळंतपण केलं होतं, त्यासुद्धा तिला वाट्टेल ते बोलल्या. खेमानं तिच्याकडं पाहिलंही नाही. ठरलं ते एवढंच, की उद्या ऊन तापायच्या आत गाव निघेल आणि बुधीच्या घराची डोली कुणी उचलायची नाही. घागरी रिकाम्या झालेल्या, तरी उतरताना सगळ्यांना जड झालं असं सांगतात.

बुधी घरी आली. काय झालं ते लेकीला कळू दिलं नाही. उरलेलं पाणी तिला पाजलं आणि नातीला मांडीवर घेऊन बसून राहिली. फटफटलं तशी नातीला सगुणाच्या कुशीत ठेवली, रिकामी घागर उचलली आणि एकटीच डोंगर चढायला लागली. कशाला? देवीशी भांडायला! आमच्या गावच्या बाया अशाच. रडायचं ते नंतर, आधी जाब विचारायचा.

ती तडक गाभाऱ्यात शिरली. सोयरातली बाई आणि गाभाऱ्यात! पण तिचं डोकं फिरलं होतं. म्हणाली, “काल लपून शिवले, आज उघड शिवते. माझ्या लेकीच्या तोंडचं पाणी मी तुला दिलं, आणि तू ते टाकलंस? माझी नात विटाळ, होय गं? मग तू आई कुणाची म्हणवतेस? तुझ्या या डोंगरावर जी जी माणसं चढली, ती काय आभाळातून पडली? सगळी अशीच आली ना? सांग, कुठं टाकलंस माझं पाणी? दाखव मला!”

आणि बोलता बोलता रडायला लागली. रडता रडता तिनं देवीला दोन्ही हातांनी कवळा घातला. आजवर देवीच्या पायाच्या वर कुणाचा हात गेला नव्हता. हिचे हात मिठी मारताना मागं गेले, देवीच्या पाठीकडं. आणि बोटांना गार लागलं.

देवीच्या मागच्या कातळाला भेग होती. हात जाईल एवढी. आत ओल होती आणि खालून गार वारा येत होता. बुधीनं रडणं थांबवलं आणि भेगेला कान लावला. खाली, खूप खाली, टप्प असं वाजलं. मग पुन्हा वाजलं. आता हे तुम्हाला सांगून कळेल का माहीत नाही, पण जन्मभर ज्या बाईनं पाणी भरलं तिला कळतं. दगडावर पडलेल्या थेंबाचा आवाज वेगळा आणि पाण्यावर पडलेल्या थेंबाचा वेगळा. हा थेंब पाण्यावर पडत होता. आणि पाणीही उथळ नव्हतं.

बुधी बाहेर आली आणि देवळाच्या मागं गेली. तिथून पुढं कडाच, पाऊल चुकलं की संपलं, अशी जागा. पिढ्यानपिढ्या कुणी गेलं नव्हतं. तिथं ती जरा थांबली म्हणे. घाबरली होती, का नाही घाबरणार? देवीची पाठ बघायची म्हणजे डोळे जातात असं तिनं आजीकडून ऐकलेलं. मग ती म्हणाली, “आई, बाईमाणसाच्या पाठीवर काय असतं ते मला ठाऊक आहे. मीही माझी सगुणा पाठीला बांधूनच रानात नेली. मला बघू दे.” आणि वाकून पाहिलं.

आता इथून वर जाताना आपण जिच्यात हातपाय टेकणार ना, तीच ती नाळ, कड्यातली अरुंद घळ. तुमच्याजवळ दोर आहे, मी आहे. बुधीजवळ घागर होती. तिनं ती पदरानं पाठीला बांधली आणि गवताच्या बुंध्यांना धरत, बसत, घसरत उतरली. कड्यावर ती ओली रेघ तिला दिसत होती आणि ती रेघेच्या सोबतीनं खाली येत होती. रेघ संपली तिथं कपारीखाली हे तळं होतं. कडा असा पुढं आलाय, म्हणून वरून दिसत नाही, समोरच्या डोंगरावरूनही नाही. काठोकाठ भरलेलं. त्याच्या सांडव्याखाली दुसरं, त्याच्याखाली तिसरं.

काही लोक म्हणतात, तळी आधीपासून होतीच. कधीची पावसाची साठलेली, कपारीच्या सावलीत राहिलेली, आपणच बघितली नाहीत. काही म्हणतात, तसं नाही, आदल्या दिवशी गावानं ओतलेलं पाणी देवीनं वाढवून दिलं आणि सगुणाच्या वाटचं तेवढं वेगळं काढून वरच्या तळ्यात ठेवलं. माझी आई दुसरं सांगायची, वडील पहिलं सांगायचे, आणि दोघांचं यावरून भांडण व्हायचं. तुम्हाला पटेल ते घ्या.

बुधी आधी प्यायली नाही. घागर भरली. मग ओंजळ प्यायली, तोंडावर पाणी मारलं आणि निघाली. डोंगराला वळसा घालून, काट्याकुट्यांतून, जिथं वाट नव्हती तिथून. आपण आज सकाळी आलो ती वाट तिच्या पायांनी पडलेली आहे.

खाली गाव निघालं होतं. डोक्यावर गाठोडी, काखेत पोरं. गावाच्या शिवेवर बुधी समोरून आली. साडी फाटलेली, कोपरं सोललेली, डोक्यावर भरली घागर. चालताना पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडत होतं. लोक त्या सांडणाऱ्या पाण्याकडंच बघत राहिले.

खेमानं विचारलं, “कुठून आणलंस?”

“देवीच्या पाठीवरून.”

कुणी हललं नाही. पोरं रडत होती तहानेनं, आणि आया त्यांना घट्ट धरून उभ्या. हे पाणी प्यायचं कसं? सोयरातल्या बाईनं आणलेलं, आणि तेही तिथून, जिथं बघायचंसुद्धा नाही. पाणी समोर असून गाव तसंच उभं होतं. बुधी म्हणाली, “मी आधी माझ्या लेकीला नेऊन पाजते. तुमचं ठरलं की या. पाणी पुष्कळ आहे.” आणि वाट काढत घराकडं निघाली.

तेव्हा खेमा तिच्या आडवा आला. लोकांना वाटलं, आता हा घागर फोडणार. म्हातारा तिच्यापुढं वाकला आणि त्यानं ओंजळ पुढं धरली. “बुधे,” तो म्हणाला, “देवीनं तुझं पाणी टाकलं नव्हतं गं. ती आम्हाला दाखवत होती, तिनं पाणी कुठं ठेवलंय ते. मी जन्मभर तिची पूजा केली आणि तिच्यामागं काय आहे ते कधी पाहिलं नाही. घाल.” बुधीनं घागर कलती केली. खेमा प्यायला, आणि प्यायल्यावर लहान पोरासारखा रडला. मग कुणी कुणाला विचारलं नाही. गाठोडी तिथंच शिवेवर पडली आणि सगळं गाव घागरी घेऊन देवीच्या पाठीकडं पळालं.

पाऊस काही त्या दिवशी आला नाही. खोटं कशाला सांगू! तो आला त्याच्या वेळेला, तोवर गाव या तळ्यांवर तगलं. सगुणा हिंडू-फिरू लागली, बाळ अंगावर पिऊन गुटगुटीत झालं. तळ्यांची वाटणी तेव्हाच झाली, वरचं आपलं, मधलं गुरांचं, खालचं रानाचं. देवीला कोंडायचं मोरदरीनं त्या वर्षापासून सोडलं. वरची भेगही कुणी बुजवत नाही. मागं एक भले गृहस्थ आले होते, म्हणाले, गाभारा गळतोय, मी सिमेंट करून देतो. गावानं त्यांना जेवायला घातलं आणि हात जोडून परत पाठवलं.

दुसऱ्या वर्षी चैत्रात देवीच्या अंघोळीचा दिवस आला. त्या वेळी गावात दुसऱ्याच एका घरी बाळंतीण होती. त्या घरची म्हातारी रिवाजाप्रमाणं दाराआड बसून राहिली. खेमा तिच्या दारात गेला, आणि या खेपेला लांब उभा राहिला नाही. म्हणाला, “चल, पहिली घागर तुझी.”

ते आजही तसंच आहे. बाकी सगळ्या मुलखात सोयरातलं माणूस देवळाच्या पायरीशी थांबतं. आंबळजाईला चैत्रातलं पहिलं पाणी सोयराच्या घरचंच लागतं, आणि ते वरच्या तळ्यातून भरून, या मागच्या वाटेनंच आणावं लागतं. त्या दिवसांत मोरदरीत पाळणा हलला नसेल तर आजूबाजूच्या वाड्यांत निरोप जातो, कुणाकडं बाळ आहे का विचारायला, आणि तोवर देवी अंघोळीवाचून थांबते. बाळंतीण चढू शकत नाही, म्हणून तिची आई चढते, नाहीतर सासू. पुजारी उंबऱ्याबाहेर उभा असतो, आत पाऊल टाकत नाही. ती एकटी आत जाते, घागर ओतते, देवीला कवळा घालते आणि बाळाचं ठरवलेलं नाव तिच्या कानात सांगते. बारसं अजून व्हायचं असतं. गावात कुणाला नाव ठाऊक नसतं, बापालासुद्धा नाही. बुधीनं त्या सकाळी कवळा घातला, तेव्हा तिच्या नातीचंही असंच झालं म्हणे. ज्या पोरीला विटाळ म्हणाले, तिचं नाव पहिल्यांदा आंबळजाईनं ऐकलं.